बालकांची औषधमात्रा

मराठीत ‘मात्रा’ हा शब्द अनेक अर्थांनी वावरतो. छंदःशास्त्रात ते उच्चारकालाचे माप आहे. लेखनात अक्षराच्या माथ्यावर दिलेली तिरकी रेघ आहे. वैद्यकात ते औषधाचे परिमाण आहे. त्याच वैद्यकात सोने, पारा, अभ्रक इत्यादींपासून सिद्ध केलेल्या आणि सहाणेवर उगाळून चाटवावयाच्या औषधालाही मात्राच म्हणतात. ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ या वाक्प्रचारात हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. औषध आणि औषधाचे माप यांना भाषेने एकच नाव द्यावे, हा योगायोग असो वा नसो, बालकांच्या बाबतीत ते नाव अगदी यथार्थ ठरते. प्रौढ मनुष्याने एक गोळी अधिक किंवा उणी घेतली तर बहुधा निभावून जाते. चार किलो वजनाच्या जीवाला मात्र चमचा कोणता आणि बाटली कोणती, यावर औषध हे औषध राहील की विष होईल, हे ठरते. बालकाची मात्रा ठरविण्याच्या रीती कोणत्या होत्या, त्या कोठे चुकल्या आणि आज त्यांचे स्वरूप काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे एक स्वतंत्र अंग आहे. बालकाची चिकित्सा ही प्रौढाच्या चिकित्सेची केवळ लहान प्रत नव्हे, ही जाणीव या विभागणीतच दिसून येते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बालकांचे तीन वर्ग केले आहेत. केवळ दुधावर राहणारा तो क्षीरप, दूध व अन्न दोन्ही घेणारा तो क्षीरान्नाद, आणि अन्नावर आलेला तो अन्नाद. औषध कोणाला द्यावयाचे हे या वर्गावरून ठरते. क्षीरपाचे औषध त्याच्या आईला किंवा दाईला द्यावे, क्षीरान्नादाचे दोघांनाही द्यावे, अन्नादाचे त्याला एकट्यालाच द्यावे. औषधाचा कल्क स्तनांना लावून मुलाला पाजावे, असाही उपाय तेथे सांगितला आहे. मात्रेविषयीही निश्चित विधान आहे. महिन्याहून मोठ्या क्षीरपाला बोटाच्या दोन पेरांच्या चिमटीत मावेल इतके, क्षीरान्नादाला बोराच्या आठळीएवढे आणि अन्नादाला बोराएवढे औषध द्यावे, असे ते विधान आहे. येथे वय वर्षांत मोजलेले नाही, आहारावरून ओळखलेले आहे. ज्या समाजात जन्मतिथी पत्रिकेपुरती असे व ती सर्वांनाच ठाऊक नसे, त्या समाजात ही खूण अधिक भरवशाची होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या विषयावरील दुसरा मोठा आधार काश्यपसंहिता हा होय. हा ग्रंथ वृद्धजीवकीय तंत्र या नावानेही ओळखला जातो. त्याची खंडित पोथी नेपाळात मिळाली आणि राजगुरू हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह तो १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यातील लेहाध्यायात नुकत्याच जन्मलेल्या बालकाची मात्रा वावडिंगाच्या एका फळाएवढी सांगितली आहे. ती महिन्यामहिन्याने वाढवावी. पण आवळ्याएवढी झाल्यावर शहाण्याने पुढे वाढवू नये, अशी मर्यादाही लगेच घातली आहे. याच ग्रंथात वेदनाध्याय म्हणून एक प्रकरण आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे कसे ओळखावे, हा त्याचा विषय. कान दुखत असेल तर मूल हातांनी कानांना स्पर्श करते व डोके हलविते, इत्यादी लक्षणे तेथे एकामागून एक दिली आहेत. आजही बालरोगाचा चिकित्सक तपासणीच्या आरंभी मुलाला हात न लावता काही वेळ त्याच्याकडे नुसता पाहत राहतो. त्याचे ते पाहणे आणि वेदनाध्याय यांत फार मोठे अंतर नाही.

सर्वांत हिशेबी नियम मात्र शार्ङ्गधराचा आहे. पहिल्या महिन्यात बालकाला एक रक्तिका, म्हणजे एक गुंज औषध द्यावे व ते मध, दूध, साखर किंवा तूप यांत कालवून चाटवावे. वर्ष पुरे होईतो दरमहा एकेक गुंज वाढवावी. त्यापुढे सोळा वर्षांपर्यंत दरवर्षी एकेक मासा वाढवावा. नंतर सत्तर वर्षांपर्यंत मात्रा स्थिर ठेवावी आणि त्यानंतर बालकाप्रमाणेच हळूहळू कमी करीत जावी. सहा गुंजांचा एक मासा हे त्याच ग्रंथातील मान धरले, तर वर्षाच्या मुलाला दोन मासे आणि सोळाव्या वर्षी सतरा मासे होतात. म्हणजे वर्षाच्या मुलाची मात्रा प्रौढाच्या साधारण साडेआठव्या हिश्श्याइतकी येते. वार्धक्यात मात्रा उतरवावी हा भाग तर आजच्या औषधिविज्ञानालाही मान्य आहे. कारण उतारवयात मूत्रपिंडांची शक्ती मंदावते. अनुपानातील मधाविषयी मात्र आज निराळे सांगावे लागते. मधात कधीकधी एका विशिष्ट जंतूची बीजाणुके असतात. वर्षाखालील बालकाच्या आतड्यात ती रुजून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करू शकतात. हा रोग १९७६ मध्ये ओळखला गेला आणि तेव्हापासून पहिले वर्षभर मध चाटवू नये, असे सांगण्यात येऊ लागले.

युरोपातील वैद्यकाने हाच प्रश्न अपूर्णांकांनी सोडविण्याचा प्रयत्न केला. प्रकाशाच्या तरंगस्वरूपाचा पुरस्कर्ता म्हणून पदार्थविज्ञानात प्रसिद्ध असलेला टॉमस यंग हा व्यवसायाने वैद्य होता. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दिलेला नियम असा की, मुलाच्या वयाच्या वर्षांना त्यांत बारा मिळवून येणाऱ्या संख्येने भागावे. येईल तो प्रौढ मात्रेचा अंश. फ्रीडचा नियम तान्ह्या मुलांसाठी होता. त्यात महिन्यांत मोजलेल्या वयाला १५० ने भागीत. क्लार्कने वयाऐवजी वजन घेतले व पौंडांना १५० ने भागले. हे नियम विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले. ते पाठ करण्यास सोपे होते, हाच त्यांचा मुख्य गुण म्हटला पाहिजे. जन्माच्या दिवशी मूल आजारी पडले, तर यंगच्या सूत्राप्रमाणे त्याची मात्रा शून्य येते, ही गंमत परीक्षेत सहसा कोणी विचारीत नसे.

या सर्व रीती एकाच मुलाला लावून पाहिल्या म्हणजे त्यांचा परस्परविरोध उघड होतो. मूल एक वर्षाचे, वजन १० किलो, लांबी ७५ सेंटिमीटर आणि औषध पॅरासिटॅमॉल असे धरू. प्रौढाची मात्रा ५०० मिलिग्रॅम. यंगच्या नियमाने मुलाला सुमारे ३८ मिलिग्रॅम मिळतील, फ्रीडच्या नियमाने ४०, शार्ङ्गधराच्या प्रमाणाने सुमारे ५९, क्लार्कच्या नियमाने सुमारे ७३. शरीराच्या पृष्ठफळावरून हिशेब केला तर ते १३० च्या थोडे वर जातात. प्रत्यक्षात आज दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम देतात. याचा अर्थ यंगच्या नियमाने चालणारा वैद्य या मुलाचा ताप उतरविण्यास पुरेसे औषध देतच नव्हता. ‘मुलाला कमी द्यावे म्हणजे धोका नाही’ ही समजूत येथे खोटी ठरते. कारण जंतुनाशक औषध अपुरे पडले तर रोग मुलाला सोडीत नाही, आणि जंतू मात्र त्या औषधाला सरावतात.

मग दर किलोचा हिशेब सर्वत्र लावला म्हणजे प्रश्न सुटला काय? तसेही नाही. हे समजण्यासाठी औषधाचा शरीरातील प्रवास थोडक्यात पाहिला पाहिजे. औषध पोटातून रक्तात शिरते, शरीरातील पाण्यात व चरबीत पसरते, यकृतात त्याचे रूपांतर होते आणि बहुतांशी मूत्रपिंडांवाटे ते बाहेर पडते. या चारही टप्प्यांवर नवजात बालक प्रौढाहून वेगळे असते. त्याच्या जठरातील अम्ल क्षीण असते व जठर सावकाश रिकामे होते. त्याच्या शरीरात पाण्याचा अंश सुमारे ७५ टक्के, तर प्रौढात सुमारे ६० टक्के असतो. म्हणून पाण्यात विरघळणारे औषध त्याच्या अंगात अधिक पातळ होऊन पसरते व त्याची पहिली मात्रा दर किलोला थोडी अधिकच लागते. परंतु त्याचे यकृत व मूत्रपिंडे अपक्व असल्यामुळे तेच औषध बाहेर पडण्यास मात्र पुष्कळ वेळ लागतो. म्हणून दुसरी मात्रा उशिराने द्यावी लागते. कॉफीतील कॅफीन हे याचे चांगले उदाहरण आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकाचा श्वास मधूनमधून थांबतो, त्यावर हे औषध म्हणून देतात. प्रौढाच्या रक्तातील कॅफीन निम्म्यावर येण्यास सुमारे पाच तास लागतात. अशा बालकात त्याला तीन-चार दिवस लागतात. याच्या उलट, दोन-चार वर्षांच्या मुलाचे यकृत वजनाच्या मानाने प्रौढापेक्षाही चपळ असते आणि थिओफिलीन किंवा फेनिटॉइन यांसारख्या औषधांची मात्रा दर किलोला प्रौढाहून जास्त द्यावी लागते. वाढत्या वयाबरोबर मात्रा सरळ रेषेत चढत जाते, या कल्पनेवर जुने सर्व नियम उभारलेले होते. वस्तुस्थिती अशी की ती रेषा सरळ नाही आणि प्रत्येक औषधाची रेषा निराळी आहे.

हे ज्ञान फार महाग पडले आहे. न्यूयॉर्क येथे विल्यम सिल्व्हरमन व त्यांचे सहकारी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दोन औषधयोजनांची तुलना केली आणि १९५६ मध्ये तिचे फलित प्रसिद्ध केले. एका गटाला पेनिसिलीन व सल्फिसॉक्साझोल ही औषधे दिली होती, दुसऱ्याला ऑक्सिटेट्रासायक्लीन. पहिली योजना रूढ व निर्धोक समजली जात असे. प्रत्यक्षात तिच्या गटात मृत्यू अधिक झाले आणि मेलेल्या बालकांपैकी पुष्कळांच्या मेंदूत कावीळीचा पिवळा रंग उतरलेला आढळला. कारण पुढे स्पष्ट झाले. कावीळीचे रंजकद्रव्य रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते व तोपर्यंत ते मेंदूत शिरत नाही. सल्फाचे औषध त्याच प्रथिनाला चिकटते आणि रंजकद्रव्याला त्याच्या जागेवरून हुसकून लावते. प्रौढाला याची बाधा होत नाही, कारण त्याच्या रक्तात ते द्रव्य मुळातच थोडे असते.

तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, क्लोरॅम्फेनिकॉलविषयीचा पुरावा पुढे आला. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बालकांना संसर्गाची भीती होती, त्यांचे लॉस एंजेलिस येथे चार गट करण्यात आले होते. काहीही प्रतिजैविक न दिलेल्या गटात सुमारे १९ टक्के बालके दगावली. पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसीन दिलेल्या गटात प्रमाण जवळजवळ तेवढेच राहिले. क्लोरॅम्फेनिकॉल दिलेल्या गटात मात्र ते सुमारे ६० टक्के झाले आणि तिन्ही औषधे दिलेल्या गटात त्याहूनही अधिक. बालके दूध ओढीनाशी होत, पोट फुगे, श्वास अनियमित होई, आणि शेवटी अंग राखेच्या रंगाचे होऊन ती जात. यावरूनच या विकाराला ‘करडे बालक’ असे नाव पडले. यकृत क्लोरॅम्फेनिकॉलला ग्लुक्युरॉनिक अम्ल जोडते व मग ते मूत्रात उतरते. ही जोडणी करणारी यंत्रणा नवजाताच्या यकृतात जेमतेम सुरू झालेली असते. औषध साचत जाते आणि हृदयाची शक्ती खचते. त्या बालकांना दर किलोला दररोज १०० मिलिग्रॅम व त्याहून अधिक औषध दिले जात होते. नंतर नवजातासाठी ही मात्रा २५ मिलिग्रॅमवर आणण्यात आली. लक्षात घेण्यासारखे हे की, या दोन्ही ठिकाणी वैद्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. उलट बालकांना वाचविण्यासाठी ती औषधे दिली होती. काहीच न दिलेला गट तुलनेला ठेवला नसता, तर मृत्यूंचे खापर दुर्बळ बालकांवरच फुटले असते.

यकृताच्या याच अपक्वतेचा एक संबंध मुंबईच्या सामाजिक इतिहासाशी पोहोचतो. कापडगिरण्यांच्या काळात कामकरी बायका तान्ह्या मुलाला अफूची बारीक गोळी देऊन कामावर जात; तिला बाळागोळी म्हणत. गोळी घेतलेले मूल आई परत येईपर्यंत झोपून राही, भुकेने रडत नसे. १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या, व्हिटली आयोग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मजूरविषयक शाही आयोगानेही या चालीची दखल घेतली होती. इंग्लंडच्या गिरणगावांत गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचे अफूमिश्रित सरबत हेच काम करीत होते. तेव्हा ही चाल अडाणी देशाची म्हणून बाजूस सारता येत नाही. अफूतील मॉर्फीनलाही यकृत ग्लुक्युरॉनिक अम्लच जोडते, आणि तान्ह्या मुलात ती जोडणी मंद असल्यामुळे मॉर्फीन साचून श्वसनकेंद्र दडपले जाते. काल दिलेल्या गोळीचा अंमल पुरता उतरण्यापूर्वीच आजची गोळी पोटात जाई. तथापि या मातांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. मूल ठेवण्यास पाळणाघर नाही, घरी सांभाळणारी म्हातारी गावाकडे, आणि पाळी चुकली तर मजुरी बुडे. गोळी ही त्या परिस्थितीची मात्रा होती.

बाळगुटीची गोष्ट वेगळी आहे. हिरडा, वेखंड, सुंठ, हळकुंड, मायफळ, जायफळ, मुरुडशेंग, अतिविष, ज्येष्ठमध, खारीक, बदाम इत्यादी जिन्नस सहाणेवर थोड्या आईच्या दुधात किंवा उकळून निवविलेल्या पाण्यात उगाळून ती चाटवितात. तिचे माप वजनाने नव्हे, तर वेढ्यांनी ठरते. बदामाचे वेढे सढळ, वेखंडाचा एकच आणि जायफळाचा अर्धा, अशी घरोघरची वहिवाट असते, आणि वय वाढेल तसे वेढे वाढत जातात. सहाण किती खरखरीत, हात किती जड आणि जिन्नस किती जुना, यांवर एका वेढ्यात किती द्रव्य उतरते हे अवलंबून असल्यामुळे हे माप शास्त्रीय नव्हे. परंतु त्यामागील विवेक ओळखला पाहिजे. जायफळाने गुंगी येते हे आजीला ठाऊक होते, म्हणून त्याचा वेढा अपुरा. आज सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काहीही, पाणीदेखील, देऊ नये असे सांगतात; आणि अस्वच्छ सहाणेवरून पोटात जाणारे जंतू हे त्याचे एक सबळ कारण आहे.

मुलाला गोळी गिळता येत नाही, म्हणून त्याचे औषध पातळ व गोड करावे लागते. या एका गरजेतून औषधशास्त्रातील काही अत्यंत दुःखद घटना घडल्या आहेत. पॅरासिटॅमॉलसारखी अनेक औषधे नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाहीत. त्यांसाठी ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखा द्रव वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल हा दिसायला व चवीला त्यांच्याचसारखा, पण औद्योगिक वापराचा व विषारी द्रव आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध या द्रवात विरघळवून, रासबेरीची चव देऊन विकले गेले. शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यांत लहान मुले पुष्कळ होती. विकण्यापूर्वी औषध निर्धोक असल्याचे दाखविले पाहिजे, असा कायदा तेथे १९३८ मध्ये झाला, तो यामुळेच. मुंबईत १९८६ मध्ये एका मोठ्या सरकारी रुग्णालयात दूषित ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले व न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधनियंत्रणातील भ्रष्टाचार चव्हाट्यावर मांडला. ते रुग्ण बालके नव्हती. परंतु विष तेच होते. १९९८ मध्ये दिल्लीनजीक गुरगाव येथील अनेक मुले याच कारणाने दगावली. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० मुले मेली. त्यांना दिलेली सरबते भारतात तयार झालेली होती. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक मुले खोकल्याच्या औषधाने गेली. त्यांपैकी कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते व तेथेच त्यांचा अंत झाला. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का आहे. आधी उलट्या, मग लघवी बंद, मग मूत्रपिंडे निकामी, हा क्रम १९३७ पासून बदललेला नाही.

येथे मात्रेचा प्रश्न एक पायरी मागे जातो. साध्या सर्दीखोकल्याला हे औषध मुळात हवेच होते काय? सर्दी विषाणूंमुळे होते व बहुधा आपोआप बरी होते. खोकल्याच्या मिश्रणांनी लहान मुलांना लाभ होतो असा समाधानकारक पुरावा नाही. झोप, धडधड व चिडचिड हे त्यांचे उपद्रव मात्र निश्चित आहेत. छिंदवाड्याच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः देऊ नयेत, असे पुन्हा बजावले. अशीच बंधने इतर काही औषधांवरही आली आहेत. विषाणुज्वरात ॲस्पिरीन दिल्याने यकृत व मेंदू यांवर आघात करणारा राय याच्या नावाचा विकार जडू शकतो, म्हणून मुलांच्या तापावरून ते बाद झाले. टेट्रासायक्लीनने उगवते दात कायमचे डागाळतात. कोडीनचे काही मुलांच्या यकृतात फार वेगाने मॉर्फीन बनते. अमेरिकेत २०१७ पासून बारा वर्षांखालील मुलांना ते देणे निषिद्ध आहे.

या सर्व प्रकारांच्या मुळाशी असलेली उणीव अमेरिकन वैद्य हॅरी शर्की यांनी १९६३ मध्ये एका शब्दात सांगितली. त्यांनी मुलांना ‘औषधोपचारातील अनाथ’ म्हटले. औषधाची कसोटी प्रौढांवर लागे आणि वेष्टनावर ‘मुलांसाठी परीक्षा झालेली नाही’ एवढे छापून निर्माता मोकळा होई. मुलांना ते औषध तरीही दिले जाईच, कारण मुले आजारी पडण्याचे थांबत नसत. मुलांवर प्रयोग करणे अनैतिक, म्हणून ते टाळावयाचे; आणि मग प्रत्येक मुलावर नोंद न होणारा एक प्रयोग करावयाचा, असा हा विचित्र न्याय होता. अमेरिकेत २००२ च्या व युरोपात २००७ च्या कायद्यांनी ही स्थिती बदलू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच मुलांसाठी अत्यावश्यक औषधांची पहिली स्वतंत्र यादी काढली.

त्यानंतरच्या काळात सरबताची जागा पाण्यात विरघळणाऱ्या गोळीने घ्यावी, असा प्रयत्न चालू आहे. ही गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात क्षणात फुटते. तिच्यात संशयास्पद द्रावकाचे काम नाही, बाटली फुटण्याची भीती नाही आणि माप गोळीतच बांधलेले असते. अतिसारात क्षारसंजीवनीबरोबर द्यावयाचे जस्त असेच देतात. सहा महिन्यांवरील मुलाला दररोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, त्याखालील मुलाला अर्धी. भारतातील शासकीय कार्यक्रमात हा क्रम १४ दिवस चालवावयाचा असतो. न्यूमोनियासाठी अमॉक्सिसिलीनही या रूपात मिळते.

मात्रा अचूक देण्यास मोठे शिक्षण लागते, ही समजूत गडचिरोलीने खोटी ठरविली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथील खेड्यांत न्यूमोनियाची चिकित्सा गावातल्याच माणसांकडे सोपविली. निदान श्वास मोजून करावयाचे होते. दोन महिन्यांखालील बालकाचे श्वास मिनिटाला ६०, वर्षाखालील मुलाचे ५० व पाच वर्षांखालील मुलाचे ४० किंवा त्याहून अधिक असतील तर न्यूमोनिया समजावा. पण ज्या सुईणीला बारापुढे मोजता येत नाही, तिने साठ श्वास कसे मोजावे? त्यासाठी वाळूचे घड्याळ व मण्यांच्या ओळी असलेले एक साधे यंत्र तयार करण्यात आले. ठरावीक श्वासांनंतर एकेक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी ओळ संपली, तर औषध द्यावयाचे. पुढे गावातील प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांनी जंतुदोष झालेल्या नवजातांना घरीच जेंटामायसीनची सुई दिली. हे औषध मूत्रपिंडांवाटे जाते व साचले तर कानाला इजा करू शकते. म्हणून त्याची मात्रा तोलून मापूनच द्यावी लागते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात-मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

शहरातील शिकलेल्या घरी चूक होते ती निराळ्या जागी. भारतात पॅरासिटॅमॉल तीन पातळ रूपांत सहज मिळते. थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतात. एका सरबतात दर ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५. दुसऱ्या, ‘तीव्र’ सरबतात दर ५ मिलिलिटरला २५०. वर घेतलेल्या १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यावयाचे तर थेंबांचे दीड मिलिलिटर, साध्या सरबताचे सहा आणि तीव्र सरबताचे तीन मिलिलिटर लागतील. आता शेजारणीने ‘आमच्या बाळाला सहा मिलिलिटर देतो’ असे सांगितले आणि घरात बाटली थेंबांची असली, तर मुलाच्या पोटात एका वेळी ६०० मिलिग्रॅम, म्हणजे योग्य मात्रेच्या चौपट, औषध जाईल. असे दिवसातून चार वेळा व दोन दिवस चालले, तर यकृतास गंभीर इजा होण्याचा संभव आहे. नाव तेच, चित्र तेच, रंगही बहुधा तोच. फरक फक्त बारीक अक्षरांतील एका आकड्याचा. थेंबांचे औषध तान्ह्यासाठी असते म्हणून ते सौम्य असेल, असे मन सहज धरून चालते. वस्तुतः तान्ह्याला थोडेच पाजता येते, म्हणूनच ते सर्वांत कडक केलेले असते. अमेरिकेत याच गोंधळामुळे २०११ पासून निर्मात्यांनी थेंबांचे रूप सोडून दर ५ मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम हे एकच प्रमाण स्वीकारले.

चमच्याचेही असेच आहे. स्वयंपाकघरातील चहाचा चमचा कधी तीन मिलिलिटरचा असतो, कधी सातचा. काठोकाठ भरला की नाही, हा प्रश्न वेगळाच. बाटलीबरोबर येणारी टोपी ५ मिलिलिटरपर्यंत ठीक चालते. एक-दीड मिलिलिटरसाठी ती निरुपयोगी आहे. त्यासाठी सुई नसलेली, रेघा आखलेली पिचकारीच हवी. पाजताना मुलाला मांडीवर अर्धवट बसते धरावे आणि पिचकारीचे टोक गालाच्या आतल्या बाजूस ठेवून औषध थोडेथोडे सोडावे. नाक दाबून, डोके मागे करून बोंडल्याने घशात ओतण्याची जुनी रीत धोक्याची आहे. रडणारे मूल श्वास आत ओढते आणि औषध श्वासनलिकेत जाते. औषध दुधाच्या बाटलीत मिसळू नये, कारण दूध उरले तर मात्रा किती गेली हे कळत नाही. भुकटीच्या रूपातील प्रतिजैविकात उकळून निवविलेले पाणी खुणेपर्यंत घालावयाचे असते. भुकटी आधी हलवून सुटी केली नाही तर ती तळाशी चिकटून राहते, आणि पहिले दोन दिवस मुलाला पातळ व शेवटचे दोन दिवस दाट औषध मिळते. एका औषधाबरोबर आलेली पिचकारी दुसऱ्याला वापरू नये. काहींवर मिलिलिटरच्या रेघा असतात, तर काहींवर त्या एकाच औषधाच्या मिलिग्रॅमच्या, आणि पुष्कळदा त्या रेघांपुढे नुसता आकडा असतो, परिमाण नसते.